मलमाची ट्यूब: काही टिपणे

मृग लागून हवा दमट झाली की मेडिकलच्या काउंटरवर "अंगावर फोड आलेत, एखादं चांगलं मलम द्या" ही मागणी रोजची होते. ज्याला फोड आलेत तो बहुधा घरी असतो. समोर त्याचा भाऊ नाहीतर सासरे उभे असतात, मोबाइलमध्ये एक फोटो असतो. खाज जास्त की दुखणे जास्त, ताप आहे का, शुगर आहे का, असे विचारले की "ते घरी विचारावं लागेल" हे उत्तर येते. मलम ठरलेले असते, आजार अजून ठरायचा असतो. त्वचेच्या औषधांचे बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात.

*

प्रतिजैविक मलमाचे खरे काम कुठे आहे, ते आधी पाहू. लहान मुलाच्या नाकाखाली किंवा ओठांच्या कडेला बारीक फोड येतात, फुटतात आणि त्यावर मधाच्या रंगाची खपली धरते. डॉक्टर याला इंपेटिगो म्हणतात. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस हे दोन जिवाणू त्यामागे असतात. डास चावतो, मूल नखाने खाजवते, तेवढ्या ओरखड्यातून ते शिरतात. मग एकच टॉवेल वापरणाऱ्या भावंडांना लागण होते. फोड मोजके असतील, वरवरचे असतील, मुलाला ताप नसेल, तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक अ‍ॅसिडचे 2 टक्क्यांचे मलम पुरते. अंगभर फोड असतील तर पोटातून औषध लागते.

*

लावण्याची रीत कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आधी हात साबणाने धुवायचे. खपली जाड असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके थोडा वेळ तिच्यावर ठेवायचे आणि सैल झालेली खपली हलक्या हाताने पुसून काढायची. कोरड्या खपलीवर चोपडलेले औषध खाली पोचत नाही. जागा टिपून कोरडी करायची आणि मलमाचा पातळ थर द्यायचा. लहानशा जखमेला मुगाएवढे मलम बास होते. जाड थराने गुण लवकर येत नाही. ट्यूबचे तोंड जखमेला टेकवू नये. नंतर पुन्हा हात धुवायचे. मुलाची नखे कापायची, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवायचा. खपल्या सुकेपर्यंत किंवा औषध सुरू होऊन 48 तास होईपर्यंत शाळेत पाठवू नये.

आणि एकाची ट्यूब दुसऱ्याला द्यायची नाही, घरातल्या घरातसुद्धा.

*

किती दिवस? साधारण पाच ते दहा, नेमके डॉक्टर सांगतील तितके, दिवसातून सांगितले असेल तितक्याच वेळा. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडायचे नाही आणि उरले आहे म्हणून महिनाभर लावायचे नाही. तीन ते पाच दिवसांत काहीच फरक दिसला नाही तर पुन्हा दाखवायला जायचे. तो जिवाणू त्या औषधाला दाद देत नसेल, किंवा आजार मुळात जिवाणूंचा नसेल.

*

म्युपिरोसिनबद्दल मला विशेष आपुलकी आहे. स्यूडोमोनस फ्लुरेसन्स नावाचा एक जिवाणू ते तयार करतो. प्रथिने घडवताना आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल जागेवर आणून देणारे एक विकर असते. म्युपिरोसिन ते अडवते आणि जिवाणूची वाढ थांबते. रक्तात गेले की ते फार लवकर निकामी होते, म्हणून त्याची गोळी नाही. ते फक्त बाहेरून लावायचे औषध. नाकात दडून बसलेले, नेहमीच्या औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस मोठ्या शस्त्रक्रियेआधी काढून टाकायला रुग्णालये त्याच्यावर विसंबतात. आपण ते प्रत्येक खरचटण्यावर लावून जिवाणूंना त्याची सवय लावली, तर त्या रुग्णांच्या हातातले एक हत्यार जाईल.

हे नुसते भय नाही. फ्युसिडिक अ‍ॅसिड डेन्मार्कमधून 1962 साली औषध म्हणून आले. पुढे नव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वे-स्वीडनकडच्या मुलांत त्याच औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या एका वाणाने इंपेटिगोची साथ पसरवली. आता ब्रिटनमधली 2020 सालची मार्गदर्शक सूचना तर थोड्या जागेवरच्या साध्या इंपेटिगोला आधी 1 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम सुचवते. ते जंतुनाशक आहे, प्रतिजैविक नव्हे.

*

भाजी चिरताना कापले, गुडघा खरचटला. अशा स्वच्छ जखमेला प्रतिजैविक लागतच नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि झाका. अमेरिकेत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेवरच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर नऊशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना बॅसिट्रासिनचे मलम दिले, काहींना साधी पांढरी पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक निघाला नाही. अ‍ॅलर्जी मात्र फक्त बॅसिट्रासिनच्या गटात झाली.

*

अ‍ॅलर्जीचे आणखी थोडे. निओमायसिन हे त्वचेला अ‍ॅलर्जी आणणाऱ्या औषधांत फार वरचे नाव आहे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या सोफ्रामायसिनमधले फ्रॅमिसेटिन हे रसायनदृष्ट्या निओमायसिनच्याच कुळातले, म्हणून एकाने ज्याच्या अंगावर पुरळ उठते त्याने दुसऱ्यापासूनही दूर राहावे. लावल्यावर जखमेभोवती लाली, खाज, बारीक पाणीदार फोड वाढू लागले की लोकांना वाटते, संसर्ग चिघळला. ते आणखी मलम थापतात. अशा वेळी मलम थांबवून दाखवायला जायचे.

*

म्युपिरोसिनचे ऑइंटमेंट अनेकदा पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळलेले असते. मोठ्या उघड्या जखमेतून किंवा भाजलेल्या जागेतून ते शरीरात शोषले जाते आणि मूत्रपिंडे अशक्त असतील तर त्रास देते. त्वचेचे मलम डोळ्यात घालायचे नाही. स्तनाग्राला लावले असेल तर बाळाला पाजण्याआधी नीट धुवायचे.

*

आता ज्याने मला खरी चीड येते ते. एकाच ट्यूबमध्ये प्रतिजैविक, बुरशीविरोधी औषध आणि तीव्र स्टिरॉइड, अशी तीन-तीन, चार-चार औषधांची मिश्रणे आपल्याकडे वर्षानुवर्षे सहज मिळत आली. जांघेत नायटा होतो. घाम, घट्ट जीन्स, न वाळलेले कपडे. माणूस हे मलम लावतो. स्टिरॉइड लाली आणि खाज दोनच दिवसांत दाबते, "गुण आला" म्हणून तो खूश होतो. आत बुरशी पसरत राहते. मलम सोडले की खाज दुपटीने उठते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांनी जांघेतली कातडी पातळ होते, तिथे कायमचे चरे पडतात. याच ट्यूबा गोरेपणासाठी चेहऱ्याला लावणाऱ्या मुली आहेत. त्यांचे गाल उन्हात गेले की पेटतात, केसाळ होतात, फोडांनी भरतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बराच लढा दिला आणि 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये आणली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती विकली जातात. 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी नायट्याच्या एका हट्टी बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव त्यात आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही.

चिठ्ठी नसेल तर असली ट्यूब द्यायची नाही, हे आम्हा औषधविक्रेत्यांचे काम आहे. शेजारचा देतो म्हणून आपणही द्यावी, हे कारण मला पटत नाही.

*

खरूज. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, रात्री वाढणारी खाज, आणि घरातल्या दोघातिघांना एकदम. खाजवून तिच्यात पू होतो आणि लोक पुवाचे मलम नेतात. पू तेवढ्यापुरता सुकतो, खरजेचा किडा तसाच राहतो. त्या किड्यावरचे परमेथ्रिन सगळ्या घराने एकाच वेळी लावल्याशिवाय सुटका नाही.

*

गळू झाले आणि आत पू साठला, की वरून लावलेले मलम तिथवर पोचत नाही. डॉक्टरांकडे जाऊन पू काढून घ्यावा लागतो. घरी पिळू नये, नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे तर मुळीच नाही.

*

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम मलमावर सोडू नये, ती दुखत नसली तरी. किंबहुना दुखत नसेल तर जास्तच घाई करावी. हळद, चुना, टूथपेस्ट, राख यांनी तर जखमेचा रंग आणि खोली दोन्ही झाकली जातात आणि तपासणाऱ्याला काही कळत नाही.

*

ताप येणे, लाली तासागणिक पसरणे, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ, कातडी गरम आणि तट्ट होणे, डोळ्याभोवती सूज. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मुलाच्या अंगावरचे फोड बरे झाल्यावरही काही आठवडे त्याच्याकडे लक्ष असू द्या. सकाळी चेहरा सुजलेला दिसला किंवा लघवी चहासारखी तांबूस झाली, तर स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गामागून मूत्रपिंडाला सूज आली असू शकते. ही गोष्ट फार थोड्या आयांना कोणी सांगितलेली असते.

*

आज घरातल्या औषधांच्या डब्यातली प्रत्येक ट्यूब काढून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. मुदत संपलेली फेकून द्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसले, तर ती ट्यूब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणत्याही फोडाला, नायट्याला किंवा चेहऱ्याला लावू नका.