मेंदूच्या धमनीवरचा फुगा

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मधला थर स्नायूंचा आणि लवचिक तंतूंचा. तो एखाद्या जागी दुबळा झाला की रक्ताच्या दाबाने तेवढाच भाग बाहेर फुगतो. यालाच धमनीविस्फार किंवा अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. तिथे धमनीला फाटे फुटतात आणि प्रवाहाचा मारा बसतो, म्हणून बहुतेक फुगे तिथेच आढळतात. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांनी धोका वाढतो. काही घराण्यांत तो वारशानेही येतो.

प्रौढांपैकी शंभरात सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो, आणि बहुतेकांचा तो जन्मभर फुटत नाही. फुटला तर डोके क्षणात असह्य दुखू लागते, उलटी होते, मान ताठरते, कधी शुद्धही हरपते. मोठ्या रक्तस्रावाआधी थोडी गळती झाली, तर 'पित्त चढलं' म्हणून ती गोळीवर निभावली जाते. हातची सर्वांत मोलाची वेळ इथेच निसटते. एका डोळ्याची पापणी अचानक पडून बाहुली मोठी होणे हीही धोक्याची खूण आहे.

भारतात हा विकार विरळ आहे, असे बराच काळ मानले जाई. मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात 1950 साली मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू करणारे डॉ. बी. राममूर्ती यांनी 1969 मध्ये या प्रश्नावर लेख प्रसिद्ध केला. या विरळपणाचा काही भाग तरी निदानाच्या अभावातून आला असावा. फुगा दिसायला अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचे चित्रण, हवी, आणि त्यासाठी रुग्णाने जिवंतपणी मोठ्या रुग्णालयात पोहोचायला हवे. वाटेतच दगावलेल्यांची नोंद 'झटका आला' एवढीच राहते.

अँजिओग्राफीचे तंत्र एगाश मोनिश यांनी 1927 मध्ये लिस्बनमध्ये विकसित केले. वॉल्टर डँडी यांनी 1937 मध्ये फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली. 1990 च्या सुमारास मांडीतल्या धमनीतून नळी सरकवून फुग्यात प्लॅटिनमची बारीक तार भरण्याचे कॉइलिंग आले. कोणता उपाय योग्य, हे फुग्याच्या मानेची रुंदी, जागा आणि रुग्णाचे वय यांवर ठरते. फुटलेला फुगा पहिल्या 24 तासांत पुन्हा फुटण्याची भीती सर्वाधिक, म्हणून घाई. पुढचे साधारण दोन आठवडेही निर्धास्त नसतात: मेंदूच्या धमन्या आकसून पक्षाघात होऊ शकतो. त्यासाठी निमोडिपिन हे औषध देतात.

असा फुगा मेंदूबाहेरही होतो. पोटातल्या महाधमनीचा व्यास साधारण 2 सेंटिमीटर असतो. 3 च्या पुढे तो फुगा मानतात, पुरुषांत 5.5 सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा किंवा आतून स्टेंट बसवण्याचा विचार होतो. अल्बर्ट आइन्स्टाइन 1955 मध्ये हाच फुगा फुटून वारले. डिसेक्शन हा प्रकार निराळा आहे. त्यात आतला थर फाटतो आणि रक्त भिंतीच्या थरांमधून वाट काढते. छाती-पाठीत चिरल्यासारखी कळ येते. हृदयविकार समजून रक्त पातळ करणारे औषध दिले तर अनर्थ होतो.

तरुण स्त्रियांत आढळणारा ताकायासूचा विकार मात्र दाहाचा आहे. त्यात महाधमनी आणि तिच्या फांद्या बहुधा अरुंद होतात, कधी कधी फुगतात. मनगटाची नाडी हाताला न लागणे आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठी तफावत असणे यावरून तो ओळखू येतो. म्हणून पहिल्या भेटीत दाब दोन्ही हातांवर मोजावा.