देवाची मर्जी आणि रात्रपाळीचा चार्ट

२०२५ च्या पेसाहच्या आधी अहमदनगरहून (आता त्या गावाला अहिल्यानगर म्हणतात) निरोप आला, की आमची नर्सिंगची जुनी सोबतीण वारली. तिच्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवल्या होत्या, "मावशी, आई काल पहाटे प्रभूकडे गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती." पेसाहची साफसफाई चालली होती. आम्ही हातातले फडके तसेच धरून स्वयंपाकघरात बसून राहिलो.

ती मराठी ख्रिस्ती, आम्ही बेने इस्राएल. ओळख जवळजवळ साठ वर्षांची. आमच्या पत्रिकेत एका ख्रिस्ती बाईच्या विश्वासाबद्दल का लिहायचे, असे कुणी विचारील. पण देवावर भार टाकणे म्हणजे काय, हे आम्ही लहानपणी मशिदीत ऐकले आणि मोठेपणी मिशन हॉस्पिटलात पाहिले. दोन्हींचे ऋण आहे. आपल्या लोकांना मिशनऱ्यांचा शेजार काही नवा नाही. त्यांच्या शाळांतून आपले पूर्वज हिब्रू शिकले, आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले. मिशनरी बिचारे निराश झाले असतील, पण आपला फायदा झाला.

आम्ही १९६६ साली अकरावी पास होऊन अलिबाग तालुक्यातून थेट एका मिशन हॉस्पिटलात शिकायला गेलो. हॉस्पिटलचे नाव लिहीत नाही, कारण पुढे वाचाल. वय सतरा. ड्यूटीच्या आधी रोज सकाळी प्रार्थना असे. आम्ही मागच्या बाकाजवळ उभे राहून मनात शमा म्हणत असू. कुणी कधी आडकाठी केली नाही. मेसमध्ये मटण असले की आम्ही डाळभात खायचो आणि आमची ही सोबतीण आपली केळी आमच्या ताटात सरकवायची.

तिची आजी केडगावच्या मुक्ती सदनात वाढलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणल्या, त्यातली ती एक. त्यामुळे या मुलीच्या तोंडी रमाबाई सारख्या यायच्या, आपल्या घरी एलियाहू हन्नाबीचे नाव निघते ना, तसे. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पदरी तान्ही मुलगी. अशा बाईने देवावर रुसायला हरकत नव्हती. तिने उलट मूळ भाषा शिकून घेतल्या, आपली हिब्रूसुद्धा, आणि सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसली. १९२१ मध्ये तिची एकुलती एक मनोरमा गेली. काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. "बघ," सोबतीण म्हणायची, "सगळं देवाच्या हातात आहे असं मानणारी बाई हात जोडून बसली नाही. दुष्काळ पडला तर मुली आणायला स्वतः गेली."

आम्हाला हे तेव्हा कळत नव्हते. आमच्या गावाकडे देवाची मर्जी म्हणजे विषय संपला, चूल पेटवा, असा अर्थ होता.

आता ती गोष्ट लिहितो, जी आम्ही मुलांनासुद्धा उशिरा सांगितली. १९६८ चा पावसाळा. रात्रपाळी. टायफॉइडमध्ये आतडे फुटून ऑपरेशन झालेला एक शेतकऱ्याचा मुलगा, नऊ वर्षांचा. दर अर्ध्या तासाने नाडी आणि ब्लडप्रेशर बघून चार्टवर लिहायचे होते. (मुलांनो, तेव्हा कॉटशेजारी टिकटिक करणारे यंत्र नसे. नर्सची बोटे आणि छातीवर लावलेले घड्याळ, एवढेच.) दोनची नोंद आम्ही केली. मग टेबलावर डोके टेकले. जाग आली तेव्हा सव्वाचार झाले होते. पोराची नाडी दोऱ्यासारखी लागत होती. डॉक्टरांना बोलावले, धावपळ झाली. साडेसहाच्या आत मुलगा गेला. त्याची आई व्हरांड्यात पोत्यावर झोपली होती. तिला उठवायला आम्हीच गेलो.

सकाळी सिस्टर ट्यूटर आल्या. सोलापूरकडच्या, काळ्यासावळ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. आम्ही रडत म्हणालो, "सिस्टर, देवाची मर्जी." त्यांनी चार्ट घेतला. अडीच, तीन, साडेतीन, चार. चार घरे कोरी. त्यांनी एकेका घरावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "देवाची मर्जी काय होती ते देवाला माहीत. या चार घरांत काय लिहायचं होतं ते तुला माहीत होतं. इथे देवाची सही करू नकोस."

घरी पाठवतील असे वाटले होते. पाठवले नाही. वरपर्यंत कळवले, आम्हाला शिक्षा झाली, आणि पुन्हा रात्रपाळी आली ती त्याच वॉर्डात. त्या पहिल्या रात्री ही सोबतीण ड्यूटी नसताना आली. बोलली काही नाही. मगमधून चहा आणला होता. स्टुलावर बसली आणि दर अर्ध्या तासाला आमच्या खांद्याला हात लावत राहिली, उजाडेपर्यंत.

आमच्या डोक्यात एकच प्रश्न. आम्ही जागे असतो तर पोर जगले असते का? महिन्याभराने धीर करून सिस्टरना विचारले. त्या इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. म्हणाल्या, "कदाचित जगलं असतं, कदाचित नसतं. ते तुला कधीच कळणार नाही, पोरी. चूक तुझ्याकडे ठेव, ती तुझी आहे. हे न कळणं मात्र त्याच्याकडे दे. दोन्ही तू उचलशील तर नर्स व्हायची नाहीस." आज शहात्तर वर्षे झाली आम्हाला. तो प्रश्न अजून येतो, विशेषतः पहाटे. सिस्टरांनी सांगितले तसे करायला दर वेळी जमतेच असे नाही.

१९७२ साली आम्ही इस्राएलला आलो, दिमोन्यात राहिलो. उलपान, परवान्याची परीक्षा, मग कुपात होलीमच्या दवाखान्यात नोकरी, हे सगळे आपल्यापैकी पुष्कळांनी केले आहे, तेच तेच काय सांगायचे. पत्रे चालू राहिली. निळ्या एरोग्रामवर ती चारी बाजूंनी लिहायची, चिकटवायच्या कडेवरसुद्धा, मग फाडताना अर्धी अक्षरे जायची.

आमचे वादही झाले. ख्रिस्ती लोक मानतात की देवाच्या नजरेबाहेर एक चिमणीसुद्धा खाली पडत नाही. एकदा आम्ही रागाने लिहिले, "अगं, युरोपात आमच्या साठ लाख लोकांचं काय झालं? ते कुणाच्या नजरेसमोर झालं?" दोन महिने पत्र नाही. आम्हाला वाटले, तुटले. मग पत्र आले, अगदी लहान. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. खोटं उत्तर देऊन तुला दुखवणार नाही. या रविवारी उपासनेत मी त्यांच्यासाठी उभी राहिले." एवढेच.

१९९८ मध्ये आमचे यजमान गेले. बसस्टॉपवर छातीत कळ आली, घरी फोन यायच्या आत सगळे संपले. शिवाच्या सात दिवसांत घर माणसांनी भरलेले. सगळे मायेचे लोक. पण जो तो म्हणे, "देवाची मर्जी, बाई." आम्ही स्वतः तीस वर्षे रोग्यांच्या नातेवाइकांना हेच म्हणत आलो होतो आणि आता ऐकवेना. एका मावशींना आम्ही उलट बोललो, त्याची अजून लाज वाटते. बारूख दायान हा-एमेत आम्ही म्हटले होते, तो न्यायी आहे हे कबूल केले होते. मग चीड कसली होती?

तिच्या पत्राने ते उमगले. ते पत्र आमच्या तनाखमध्ये आहे. तिने ईयोबाची गोष्ट काढली होती. एका दिवसात सात मुलगे, तीन मुली गेल्या. मित्र आले आणि सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले. "तेवढंच त्यांनी बरोबर केलं. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं." आपल्याकडेही रीत आहे ना, की सुतकातला माणूस बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने आधी बोलू नये? ती ईयोबावरूनच आली. आम्हाला रीत ठाऊक होती, कारण तिने दाखवले. पुढे तिने येशूविषयी लिहिले होते. धरले जाण्याच्या रात्री बागेत त्याने आधी बापाजवळ सरळ मागितले, की हे दुःख टळू दे. मागून झाल्यावर मग बापाच्या इच्छेवर सोडले. "आधी मागितलं, घाम गाळून मागितलं. आणि जे सोडलं ते स्वतःचं सोडलं. तुझी मर्जी होऊ दे हे माणसानं आपल्यासाठी म्हणावं गं, जमेल तेव्हा. दुसऱ्याच्या मढ्यावर ते ठेवू नये." हे ती लिहू शकत होती. तिचा धाकटा मुलगा विहिरीत बुडून गेला होता. तेव्हा आम्ही तिला पत्र पाठवले होते, आणि त्यात काय लिहिले होते ते आम्हाला नीट आठवते. तिने त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही.

आता अलीकडचे. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे येत होती तेव्हा आम्ही बीरशेबाला लेकीकडे होतो. १९ जूनला सकाळी सोरोका हॉस्पिटलच्या शस्त्रक्रियेच्या जुन्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडले. घराच्या काचा थरथरल्या. आदल्या दिवशीच त्या इमारतीतले रोगी दुसरीकडे हलवले होते. माणसे जखमी झाली, पण कोणी दगावले नाही. शेजारीण म्हणाली, नेस, चमत्कार! आम्हीही देवाचे आभार मानले. पण नर्सच्या डोळ्यांपुढे दुसरेच येत होते. कॉट ढकलणाऱ्या पोरी, सलाइनच्या बाटल्या उंच धरलेल्या, प्रत्येक रोग्याचा चार्ट त्याच्या पायाशी ठेवलेला. कुणीतरी निर्णय घेतला आणि कुणीतरी थकल्या हातांनी तो पुरा केला. आणि २४ जूनला त्याच शहरात राहत्या इमारतीवर पडले तेव्हा माणसे गेली. त्यांच्या घरी जाऊन आम्ही काही बोललो नसतो. खाली बसलो असतो. हे सगळे तिला लिहावेसे वाटले, आणि मग आठवले की आता पत्र घ्यायला ती नाही.

त्या दिवसांतल्या एका रात्री सायरन झाला. ममादमध्ये लेक, जावई, आम्ही आणि नऊ वर्षांची नात. तिला मराठी समजते, बोलताना अडखळते. तिने विचारले, "आजी, हाशेम आपल्याला वाचवेल?"

नऊ वर्षांचे पोर. आम्हाला तो दुसरा नऊ वर्षांचा आठवला.

आम्ही म्हटले, "मागूया. त्याला काय करायचंय ते त्याला माहीत. तू एवढं बघ, लोखंडी खिडकी नीट बंद आहे का, आणि सगळ्यांच्या पायांत चपला आहेत का." ती उठली. खिडकीचा दांडा ओढून पाहिला, घट्ट होता. एकेकाचे पाय मोजले. बापाच्या पायांत काही नव्हते, त्याला रागावली. मग आमच्याजवळ येऊन बसली, आमचा हात धरून. शमा तिनेच सुरू केली.