कट्यारीचे वय

वाशीम जिल्ह्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू. आज ती बहुधा बाजारातून आणलेली, पातळ पत्र्याची असते. पण एखाद्या जुन्या वाड्यात पेटीच्या तळाशी खरी जुनी कट्यार निघते, आणि मग घरात दोनच प्रश्न उभे राहतात: ही किती जुनी, आणि हिचे किती येतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुठीपासून शोधावे लागते. कट्यारीच्या मुठीला दोन समांतर पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या. मूठ वळली की पाते मनगटाच्या सरळ रेषेत पुढे येते. कट्यार भोसकण्यासाठी घडवलेली आहे. म्हणून कसदार पात्याचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, चिलखताची कडी फोडता यावी एवढे. बिचवा वेगळा: तो विंचवाच्या नांगीसारखा वाकडा आणि मुठीला कडे असलेला. खंजीर आणि पेशकब्ज यांची मूठ सरळ धरायची.

पण कट्यार केवळ लढाईची नव्हती. मोगल दरबारात खिलतीबरोबर रत्नजडित जमधर देत, म्हणजे कट्यारच. ती कमरेच्या शेल्यात खोचली की माणसाची पायरी कळे. युरोपातल्या लष्करी पोशाखाबरोबरचा शोभेचा खंजीर हेच काम करी. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातली कट्यारही अशीच, राजगायकाच्या मानाची. तरीही सोने दिसले म्हणून कट्यार नुसती मिरवायची होती, असे ठरवू नये. सोन्याच्या मुठीपुढेही जाड, कामाचे टोक सापडते.

वऱ्हाडात हा तपास अवघड होतो, कारण इथे शस्त्रे सगळीकडून आली. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी कारंजा लुटले, तेव्हा ते मोगली मुलखातले श्रीमंत व्यापारी शहर होते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअमली कारभार चालला. वाशीमचे बालाजी मंदिर भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी बांधले, तेही याच काळात. तेव्हा इथल्या पेटीत निघालेली कट्यार मोगली, दख्खनी, मराठी, कुठलीही असू शकते. हात झाकणारे पाकळीसारखे आवरण मुठीवर असेल, तर नजर दक्षिणेकडे, विजयनगर-तंजावरकडे वळवावी. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर तिथला शस्त्रसाठा विखुरला. त्यातल्या कट्यारी आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहेत.

पाते अधिक बोलके असते. मुठीसह एकसंध घडवलेले पाते बहुधा देशी. मुठीच्या जिभल्यांमध्ये रिव्हेट मारून बसवलेले असेल आणि त्यावरची पन्हळ टोकाआधी न थांबता थेट टोकातून बाहेर पडत असेल, तर ते युरोपातून आलेल्या तलवारीचे मोडके पाते कापून केलेले समजावे. अशा परदेशी पात्याच्या तलवारीला मराठ्यांत फिरंग म्हणत. मोडक्या फिरंगेचा तुकडाही कोणी टाकून देत नसे.

पोलादात जौहर असेल, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, तर किंमत चढते. ही नक्षी पोलादाच्या अंगातच असते. जुने कारागीर हिराकसाच्या पाण्याने ती उठवत. नकली नक्षी नुसती पृष्ठभागावर कोरलेली असते. ती एकाच मापाने पुन्हा पुन्हा येते आणि खरवडली की जाते. सोन्याचेही तसेच. कोफ्तगरीत लोखंडावर बारीक आडवेउभे ओरखडे काढून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात. जुन्या कामात सोने झिजलेल्या जागी ते ओरखडे भिंगाखाली उघडे पडलेले दिसतात. मुलाम्याखाली असे काही नसते. उदयपूरचे शिकलगार आजही उत्तम कोफ्तगरी करतात. ती नकली नव्हे, फक्त जुनी नव्हे. जुनी म्हणून विकली की मात्र फसवणूक.

गंजही तपासावा. जुना गंज काळपट तपकिरी, चिवट, कोपऱ्यांत दाटलेला. नवा केशरी, सगळीकडे सारखा आणि बोटाला लागणारा. पात्यावर ग्राइंडरचे समांतर ओरखडे किंवा मुठीच्या सांध्यात वेल्डिंगचा मणी दिसला, की पुढची चर्चा थांबवावी. तीन पात्यांत उघडणारी कात्रीसारखी कट्यार बहुतेक एकोणिसाव्या शतकातली गंमत आहे. संग्राहक तिला भाव देतात. लढणाऱ्याने दिला नसता.

आणि मोल? ते पोलाद, काम, अवस्था यांवर ठरते. पण सगळ्यांत वर नाव असते, तेही पुराव्यासह. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून 47 लाख 15 हजार रुपये खर्चून एक फिरंग मिळवली. तिच्या परदेशी पात्यावर सोन्यात, देवनागरीत नागपूरकर भोसल्यांपैकी रघोजी भोसले सेनासाहेब सुभा हे नाव आहे. तेवढी अक्षरे नसती, तर त्याच पोलादाला ही किंमत आली नसती. उलट ‘ही थेट महाराजांच्या वेळची’ हे घरात ऐकलेले वाक्य लिलावात जवळपास शून्य धरले जाते. 2024 मध्ये साताऱ्याला आलेल्या वाघनखांबरोबर ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या घराण्याची, ती शिवाजी महाराजांची असल्याची जुनी टीप आहे. तरी ती ज्यांच्याकडची, ते लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय ती महाराजांचीच असे ठामपणे म्हणत नाही. म्यान मूळचे, कापड जुने, घराण्याच्या कागदात उल्लेख: यांनी भाव वाढतो.

भाव उतरवण्याचे काम बहुधा घरातच होते. खंडेनवमीला चिंच आणि राखेने घासलेल्या कट्यारीवरचे सोने दरवर्षी थोडे थोडे जाते, आणि लग्नातल्या लिंबाचा रस टोकाकडचे चार बोटे पाते खाऊन तिथे बारीक खड्डे पाडतो. हे खड्डे जाणकाराला सांगतात की कट्यार घरात मानाने वापरली गेली. खरेदीदार मात्र त्याचे पैसे वजा करतो.

शंभर वर्षांहून जुनी कट्यार 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद. पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. नऊ इंचांहून लांब पात्याच्या हत्याराला शस्त्र कायद्याचे नियमही लागू होऊ शकतात, म्हणून देण्याघेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. जाणकाराने पाहीपर्यंत कट्यार घासू नये, धार लावू नये. कोरड्या मऊ कापडाने पुसून तेलाचा हलका हात फिरवावा, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, आणि ती घरात कोणाकडून आली ते घरातले वडीलधारे आहेत तोवर लिहून ठेवावे.