आळीपाळीचा श्वास

आम्हां ग्वाल्हेरकर मराठी मंडळींना गाण्याचे संस्कार आयतेच लाभले, असे म्हणण्याची रीत आहे. हद्दू-हस्सू खाँ ज्या गावी गायले, वासुदेवबुवा जोशींची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या कंठातून जेथून महाराष्ट्रात पोचली, जेथे १९१८ साली भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले, त्या गावाबद्दल असे बोलले जाणे स्वाभाविकच. परंतु हा वारसा एकेकट्या गळ्याचा. पंधरा जणांनी एका स्वरात गाण्याची शिस्त निराळी. ती आमच्या मंडळाला उतारवयात शिकावी लागली.

त्याचे कारण असे. मंडळातील सत्तरीच्या भगिनी एकेक करून गप्प होऊ लागल्या. हाती टाळ असे, ओठ हलत, स्वर मात्र नसे. विचारले तर उत्तर ठरलेले, "आता गळा साथ देत नाही, नव्यांनी गावं." नवे आणायचे कोठून? मुले पुण्याला नाहीतर बंगळुरूला. येथे एक आवाज मिटला की त्याची जागा रिकामीच राहते. त्यामुळे घशाची निगा हा आमच्यापुरता केवळ प्रकृतीचा प्रश्न उरला नाही.

शोध घेता पहिला दोष पट्टीचा निघाला. वयोमानाने स्त्रियांचा आवाज जाड होऊन खाली उतरतो, पुरुषांचा बहुधा पातळ होतो. पेटी मात्र तरुणपणच्या काळी चारवरच अडून होती. ती पांढरी चारवर आणली. कोणी कुरकुरले, "गाणं बसल्यासारखं वाटतं" म्हणाले; पण दोन मिटलेले आवाज त्याच आठवड्यात परत आले.

दुसरा दोष चढाओढीचा. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच कर्णतज्ज्ञाने १९११ साली मांडले. झांजा, तबला आणि ध्वनिवर्धक यांच्या कल्लोळात प्रत्येकजण स्वतःला ऐकू येण्यासाठी ओरडतो, आणि आरती संपेतो घसे बसतात. आता आमचा नियम साधा आहे: शेजारच्याचा स्वर ऐकू येईनासा झाला, तर आपण मोठ्याने गात आहोत असे समजावे.

बाकीच्या सवयी लहानच. प्यालेले पाणी अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना ते थेट भिजवीत नाही. म्हणून ऐन गाण्याच्या वेळी घटाघटा पिण्यापेक्षा दिवसभर थोडेथोडे प्यावे. वैशाखातल्या लूमध्ये तर हे विसरूच नये. वाफ मात्र स्वरतंतूंपर्यंत पोचते. सारखे खाकरल्याने ते एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी घ्यावे. घसा बसला असता कुजबुजूनही त्यांवर ताण पडू शकतो; मौन बरे. तालमीआधी दहा मिनिटे खर्जात संथ आकार लावावा, एकदम तारसप्तकाला हात घालू नये. आवाजातला घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट श्वासाची. एकट्या गायकाला दम संपला की स्वर सोडावा लागतो. समूहाला ते बंधन नाही. लांबलेल्या षड्जावर सर्वांनी एकदम श्वास न घेता आळीपाळीने घ्यावा. शेजारी गात असताना आपण हळूच थांबावे, श्वास भरावा आणि मंद आवाजात पुन्हा मिसळावे. ऐकणाऱ्याला स्वर अखंडच वाटतो. ज्यांचा दम आता चार मात्राही पुरत नाही, त्यांनाही या रचनेत मानाची जागा आहे.

म्हणून ज्येष्ठांना आमचे सांगणे एवढेच, की गळा थकला म्हणून टाळ खाली ठेवू नका. पट्टी उतरवता येते, श्वास वाटून घेता येतो. पिढ्यान्‌पिढ्या दूरदेशी मराठी बोलत राहिलेल्या घरांना ही रीत मुळीच नवी नाही.