पारव्यांचे पोटभाडेकरू

खाज माणसाला कशाचीही असते. कुणाला नाटकाची, कुणाला निवडणुकीची. मला मात्र गेल्या मे महिन्यात उंब्रजच्या घरी सुटली ती अस्सल, अंगाची.

त्या घरात आता आई एकटीच राहते. पुण्याहून गेलो, माडीवर अंथरूण टाकलं आणि पहाटेपर्यंत खाजवत बसलो. सकाळी पाहतो तो चादरीवर मोहरीहून बारीक, तांबडे किडे! वर आढ्याखालच्या कोनाड्यात पारव्याचं घरटं. चार काड्या, बाकी सगळी पिलांची घाण.

गुरांचे डॉक्टर असलेल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, हे किडे दिवसा फटीत झोपतात आणि रात्री रक्त पितात. पिलं उडाली की पंगत मोठी आणि यजमान थोडे, असं होतं. मग ते खाली माणसांकडे जेवायला येतात. शिवाय पारव्याच्या पिसांत एक चपटी माशी असते, ती खेकड्यासारखी तिरकी पळते आणि पारव्याला हिवतापाचा भाऊबंद असलेला रोग देते. उवांची तऱ्हा त्याहून न्यारी. पंखाच्या पिसांच्या रेघांत त्या अशा दडतात की चोचीला सापडत नाहीत. दुसऱ्या पारव्याकडे जायचं झालं, तर खुशाल त्या माशीला लटकून जातात!

मला नवल वाटलं नाही. आमचं गाव हमरस्त्यावर. मिळेल त्या गाडीला हात करून कराड गाठणं ही आमची पिढीजात विद्या.

औषधाची बाटली घेऊन शिडीवर चढलो. आई खाली उभी.

"पिलं उडाली ना?" मी विचारलं.

"उडाली. पन तिनं परत दोन अंडी घातल्यात. बाळंतिणीला उठवतूस व्हय?"

पारवीचा हिशेब चोख. अठराएक दिवस अंडी उबवायची, महिनाभर पिलं भरवायची, आणि घर रिकामं व्हायच्या आत पुढची तयारी करायची.

"अगं, पण हे किडे!"

"तुझ्या डोस्क्यात उवा न्हवत्या व्हय? फणीनं काढल्या मी. तुला न्हाई घराभाईर काढला."

यावर कुठलं औषध मारणार? खाली उतरलो आणि अंथरूण ओसरीवर आणलं. रात्री माडीवर घुमणं सुरू झालं.

"ऐक," आई अंधारात म्हणाली, "घरात कुनीतरी बोलतंय."

पुण्याला परतताना कॉलरवर एक तांबडा ठिपका दिसला. गडी तिकीट न काढताच निघाला होता.