मनगटावरचा हिरवा दिवा

नाडी पाहणे ही आपल्याकडील फार जुनी विद्या. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आढळते, आणि घरात कोणी आजारी पडले की वडीलधाऱ्यांचा हात आजही प्रथम त्याच्या मनगटाकडे जातो. आता तेच काम घड्याळे करू लागली आहेत. आमच्या शाळेच्या मैदानावरही ती येऊन पोहोचल्यामुळे, हे यंत्र पाहते तरी काय, हे जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

घड्याळाच्या पाठीवर हिरव्या प्रकाशाचे बारीक दिवे असतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्तवाहिन्यांत रक्त वाढते व परतणारा प्रकाश किंचित घटतो. रक्त ओसरले की तो पुन्हा वाढतो. शेजारचा प्रकाशग्राही हे चढउतार टिपतो आणि त्यांवरून ठोके मोजले जातात. प्रकाशाने नाडी टिपण्याच्या या रीतीचे वर्णन अमेरिकेतील शास्त्रज्ञ हर्ट्झमन यांनी १९३७ साली केले होते.

म्हणजे घड्याळ हृदय पाहत नाही. ते प्रकाशाची भरती-ओहोटी पाहते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या बाबतीत एवढे बहुधा पुरते. परंतु धावताना पाऊल आपटले की हात हादरतो, घड्याळ हलते, रक्तही हिंदकळते, आणि प्रकाशात दुसरेच चढउतार उमटतात. ते वेगळे काढण्यासाठी घड्याळात हालचाल मोजणारे उपकरणही असते; तरीही कधी कधी यंत्र ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागते. पट्टा सैल असला, वा थंडीने त्वचेतील रक्तप्रवाह मंदावला, तर घोटाळा अधिकच वाढतो.

याचा प्रत्यय आम्हांस आंतरशालेय स्पर्धेच्या सरावात आला. संथ धावणाऱ्या आमच्या एका सोबत्याच्या घड्याळात १७२ हा आकडा दिसला, आणि ‘याला हे झेपणार नाही’ म्हणून त्याचे नाव संघातून वगळण्याची भाषा सुरू झाली. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही त्याला पुन्हा त्याच गतीने धावविले. पंधरा सेकंदांत त्याची पावले भरली ४३, म्हणजे मिनिटास १७२! थांबताच मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली, ती पंधरा सेकंदांत ३६, म्हणजे मिनिटास १४४. घड्याळाने त्याच्या हृदयाचा नव्हे, पायांचा हिशेब दिला होता. सरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि त्याचे नाव संघात कायम राहिले.

यावरून घड्याळे टाकाऊ ठरत नाहीत. पट्टा मनगटाच्या हाडापासून थोडा वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधावा. अधिक अचूकता हवी असल्यास हृदयाचे विद्युत्संकेत टिपणारा छातीचा पट्टा वापरावा. छातीत दुखले वा भोवळ आली, तर आकडा काहीही असो, तत्काळ थांबावे. यंत्राचा आदर अवश्य करावा. परंतु कोणाची योग्यता ठरविण्याची वेळ येईल, तेव्हा आपली तीन बोटे आणि पंधरा सेकंदांचा धीर यांचा विसर पडू देऊ नये.