हवापालट

'हवापालट' हा शब्द आजकाल फारसा कानावर पडत नाही. त्याची जागा 'वेलनेस हॉलिडे'ने घेतली आहे. बालीचे ज्वालामुखी, कोस्टा रिकातली ढगांत बुडालेली जंगले, तिथे योग आणि मालिश! जाहिराती पाहिल्या की वाटते, बरे वाटायलाही पासपोर्ट लागतो की काय?

आमच्या सासूबाई कन्नड, म्हणून साऱ्या घराच्या 'अव्वा'. टायफॉइडमधून उठल्यावर डॉक्टरांनी त्यांना जुनाच सल्ला दिला, "चार दिवस हवापालट करा." सप्टेंबरअखेर आम्ही आंबोलीला निघालो. धारवाड ते बेळगाव सुमारे ८० किलोमीटर आणि तिथून सावंतवाडी रस्त्याने आणखी ७०.

ज्वालामुखी म्हणाल, तर तो इथेही होऊन गेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर साचले, त्याच काळ्या खडकाचा हा घाट. आपल्या धारवाडचा खडक मात्र त्याहून कितीतरी जुना, अडीचशे कोटी वर्षांपलीकडचा. जगभरचे भूशास्त्रज्ञ त्याला आपल्या गावाच्याच नावाने ओळखतात.

आणि ढग? अरबी समुद्राकडून आलेली दमट हवा या कड्याला अडते, वर चढते आणि गार होऊन ढग बनते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर. धारवाडला वर्षाकाठी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर इथे ७००० च्या आसपास. अंजनी, जांभूळ, पिसा यांची बुटकी, वाकडी झाडे शेवाळाने झाकलेली असतात. फांद्यांवर नेचे आणि आमरी.

पहिल्या दिवशी अव्वा नुसत्या व्हरांड्यात बसल्या. अंगावर शाल, हातात कुळथाचे कढण. संध्याकाळी म्हणाल्या, "इल्लि गाळी छलो ऐतव्वा." आठवड्यानंतर प्रथमच त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीला गेलो. महादेवाच्या देवळाशी गुहेतून पाणी बाहेर येते. अव्वांचे माहेर संकेश्वर! जन्मभर ज्या नदीचे पाणी प्यायल्या, तिचा उगम त्या प्रथमच पाहत होत्या. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत ही नदी पुढे घटप्रभेला मिळते. मराठीत उगम आणि कन्नडमध्ये संगम, अगदी आपल्या घरांसारखेच! त्याच घटप्रभेच्या काठी १९२९ साली कर्नाटक आरोग्यधाम उभे राहिले. धारवाडात जन्मलेल्या, हुबळीतून सेवादल उभारणाऱ्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. निसर्गाच्या कुशीत उपचार ही कल्पना आपल्याकडे काही आजची नाही.

देवळापुढच्या कुंडात एक इवलासा मासा राहतो. २०२० साली तो शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक २००९ मध्ये याच परिसरातून जगापुढे आला. पहिल्या पावसात तो सड्यावरच्या डबक्यांत जमतो. त्या दिवसांत रात्री भरधाव जाणारी एक गाडी किती जीव चिरडत असेल!

परतताना धबधब्याजवळ थांबलो. मोठ्याने गाणी लावलेल्या गाड्या, कठड्याखाली बाटल्यांचा खच. अव्वा काचेतून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे सगळे आमच्या संकेश्वरलाच येणार की गं." मला उत्तर सुचले नाही.

तुम्ही जाणार असाल, तर शनिवार-रविवार टाळा. छत्री, स्वेटर आणि घरची औषधे बरोबर ठेवा. आजारी माणसाला भर पावसात नेऊ नका, पाऊस ओसरल्यावर न्या. कुंडात हातपाय धुऊ नका, माशांना काही खायला टाकू नका. कचरा पिशवीत घालून परत आणा. रात्री घाटमाथ्यावर गाडी हळू चालवा. आणि निदान एक दिवस काहीच न करता बसा. शहराचा गोंगाट डिकीत भरून नेला, तर हवा पालटणार तरी कशी?